एल्मर कीथचें ‘सिक्सगन्स’ : दारूच्या मापांचा पाठविचार

एल्मर कीथ ह्या अमेरिकन लेखकाचें ‘सिक्सगन्स’ हें पुस्तक इ. स. १९५५ मध्यें स्टॅकपोल ह्या प्रकाशनसंस्थेनें काढलें व त्याची वाढविलेली आवृत्ति १९६१ मध्यें निघाली. विषय सहाबारी रिव्हॉल्व्हरांचा. तीं कशीं पारखून घ्यावीं, कशीं चालवावीं, मोठ्या तोंडाच्या रिव्हॉल्व्हरानें शिकार कशी करावी आणि त्याचीं काडतुसें घरीं हातानें कशीं भरावीं, हें सर्व त्यांत आहे. अशा पुस्तकाचें परीक्षण ह्या त्रैमासिकांत कां, असें वाचक विचारतील. बखरी, सनदा व पोथ्या ह्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस सहाबारीशीं काय कर्तव्य? शिवाय आपल्या देशांत १९५९ च्या कायद्यानें शस्त्र व काडतूस दोन्हीं परवान्यांत बांधलेलीं आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौशी शिकारीचा प्रश्न मिटला आहे. आम्हांसही प्रथम असेंच वाटलें होतें. परंतु पुस्तक हातीं येण्यास जें निमित्त झालें तें शुद्ध पाठनिर्णयाचें होतें, म्हणून हा लेख येथें देत आहों.

आमचा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेच्या वायव्य भागांत राहतो. तिकडे परवाना काढून हरणाच्या शिकारीस जाण्याची रीत आहे, व तोही जातो. त्यानें एक जुनें ‘.४४ स्पेशल’ जातीचें रिव्हॉल्व्हर विकत घेतलें. विकणारानें त्याबरोबर काडतुसांचीं रिकामीं पितळी कवचें, गोळ्या ओतण्याचा साचा व पेटीच्या झांकणांत खोवलेलें एक टिपण असें सर्व देऊन टाकलें. टिपणावर पेन्सिलीनें एकच ओळ होती. ती आपल्या अंकांनीं लिहिली तर अशी: ‘४४ स्पे. – ४२९४२१ – १८॥ – २४००’. खालीं ‘कीथ’ एवढीं अक्षरें. विद्यार्थ्यानें टिपणाचें छायाचित्र आम्हांस पाठवून लिहिलें, “गुरुजी, पोथीचा पाठ लावतां तसा एवढा लावून द्या. येथें पाठ चुकला तर हात जाईल.” त्याच्या पत्रामागून त्यानेंच पाठविलेलें कीथचें पुस्तक आलें.

प्रथम निर्णय सांगतों. ओळ प्रक्षिप्त नाहीं. ती कीथचीच आहे, आणि तींतील एकही अंक लेखकप्रमादानें बिघडलेला नाहीं. असें असून ती जशीच्या तशी पाळणें धोक्याचें आहे. अक्षरशः शुद्ध पाठ अर्थतः अशुद्ध कसा होतो, ह्याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस आमच्या पोथ्यांतही क्वचितच सांपडलें आहे.

ओळींतील एकेक पद घेऊं. ‘१८॥’ हें दारूचें वजन ग्रेनांत आहे. १८० ग्रेनांचा तोळा व ९६ गुंजांचा तोळा हा हिशेब धरला म्हणजे ही दारू दहा गुंजांहून किंचित् कमी भरते. ग्रेनाच्या जागीं कोणी ग्रॅम वाचील तर ती चूक आपोआप उघडी पडेल, कारण तेवढी दारू त्या कवचांत मावणारच नाहीं. अशा ढोबळ चुकांचें भय नसतें. भय असतें तें अर्ध्या-एक गुंजेच्या फरकाचें, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं आणि कवचांत सहज मावतो.

‘२४००’ हें वजनही नव्हे आणि वेगही नव्हे. तें एका धूरविरहित दारूचें नांव आहे. हर्क्युलिस कंपनीनें ती दारू १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभीं बाजारांत आणली. पुढें १९९५ मध्यें त्या कंपनीचा दारूचा धंदा अलायंटकडे गेला, परंतु नांव तेंच राहिलें. आजची ‘२४००’ जुनीपेक्षां जरा लौकर पेटते, असें कित्येक अनुभवी भरणारे सांगतात व कित्येक तें नाकारतात. वाद कसाही मिटो, नांव एक राहिलें म्हणून वस्तु एक राहिली असें मानण्याचा अधिकार कोणासही नाहीं. दारूचा नवा डबा उघडला म्हणजे खालच्या मापापासून आरंभ करावा असा त्या धंद्यांतील जुना नियम आहे, तो ह्याच कारणानें.

‘४२९४२१’ हा गोळीच्या साच्याचा अंक. पहिले तीन आंकडे व्यासाचे, म्हणजे इंचाचे ४२९ सहस्रांश. पुढचे तीन लायमन कंपनीच्या यादींतील आकृतीचे. आकृति खुद्द कीथनें ठरविलेली आहे. चपटें तोंड, चौकोनी काठाची चर, गोळीस नळीच्या आट्यांत धरून ठेवणारे सारख्या रुंदीचे तीन पट्टे, आणि सोळा भाग शिशास एक भाग कथील घातलें असतां वजन सुमारें २५० ग्रेन. आतां गंमत अशी कीं, पुढें ह्याच अंकाखालीं जे साचे निघाले त्यांत चर गोल झाली आणि पुढचा पट्टा अरुंद झाला. कीथ त्याबद्दल उघड कुरकुरत असे, व ती कुरकुर योग्यच होती. मूळ ग्रंथाचें नांव कायम ठेवून आंतील अध्याय बदलल्यासारखें हें झालें. शिवाय कथील कमीअधिक झालें कीं गोळीचें वजन बदलतें, आणि गोळी कवचांत थोडी खोल बसली कीं दारूस उरलेली जागा आकुंचित होऊन दाब वाढतो.

सर्वांत घातक पद मात्र निरुपद्रवी दिसणारें पहिलें, ‘४४ स्पे.’ हें आहे. हें काडतूस १९०७-०८ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीनें आणलें. त्या काळच्या कवचांचें बूड आंतून पोकळ असे. ज्या खळग्यांत टोपी, म्हणजे प्रायमर बसतें, तो खळगा आंतल्या बाजूस उंचवट्यासारखा वर येई आणि त्याच्या भोंवतीं दारूस अधिक जागा मिळे. पुढें कारखान्यांनीं बूड ठोस केलें. कवच बळकट झालें, पण आंतील जागा कमी झाली. बाहेरून पाहतां दोन्हीं सारखींच, लांबी तीच, नांव तेंच. कीथचे साडेअठरा ग्रेन हे जुन्या पोकळ बुडाच्या कवचांचें माप होय. ठोस बुडाच्या कवचांत तें घालूं नये, कमी करावें, असें कीथनें स्वतःच पुढें सांगितलें आहे. म्हणजे ग्रंथकारानें आपला पाठ आपल्या हयातींत सुधारला. परंतु टिपणें उतरून घेणारांच्या हातीं सुधारलेला पाठ मागें पडला आणि मूळ आंकडा चालू राहिला. कारण उघड आहे. दोन आंकड्यांतून मोठा निवडण्याकडे नकलकाराचा कल असतो. पोथींतील श्लोकसंख्या वाढत जाते, सैन्याचे आंकडे वाढत जातात, तसेंच हें.

आणि ओळींत जें लिहिलेंच नाहीं तें वेगळेंच. टोपी साधी कीं जोरदार, हें नाहीं. रिव्हॉल्व्हर कोणत्या काळचें, कोणत्या पोलादाचें, हें नाहीं. अमेरिकेंतील उत्पादकांच्या मानकसंस्थेनें .४४ स्पेशलसाठीं दाबाची मर्यादा दर चौरस इंचास १५,५०० पौंड ठरविली आहे. कीथचा हा बार ती मर्यादा मागें टाकतो. तो बळकट रिव्हॉल्व्हर हातीं घेऊन, आपल्या जबाबदारीवर भरी. टिपण मात्र कोणाच्याही हातीं जातें.

हा कीथ कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जन्म १८९९ मिसुरींत, मृत्यु १९८४ मध्यें. आयुष्य मोंटाना, ऑरेगन व आयडाहो ह्या डोंगराळ प्रदेशांत गुरें राखण्यांत, शिकाऱ्यांचा वाटाड्या म्हणून हिंडण्यांत व लिहिण्यांत गेलें. शाळेचें शिक्षण थोडें. परंतु ज्यास आपण प्रत्यक्ष प्रमाण म्हणतों त्याचा एवढा सांठा फार थोड्या लेखकांपाशीं असतो. त्याची योग्यता आमच्या मतें त्याच्या एका अपयशाच्या वर्णनांत दिसते. १९२५ च्या ४ जुलैस, राष्ट्रीय सणाच्या दिवशीं, स्वतः भरलेले बार उडवीत असतां त्याचें .४५ चें कोल्ट रिव्हॉल्व्हर हातांत फुटलें. चक्राच्या घरांचा वरचा भाग व त्यावरची लोखंडी पट्टी उडून गेली. दारू साधी काळीच होती, पण गोळी रायफलीची, जड. हा प्रसंग त्यानें झांकला नाहीं. कोणतें माप, कोणती गोळी, काय मोडलें, सर्व लिहून ठेवलें. आणि त्यांतून त्यानें जो धडा घेतला तो शास्त्रकाराचा आहे: .४५ च्या चक्रांत घरांच्या भिंती पातळ राहतात, .४४ च्या चक्रांत त्याच आकारांत जाड राहतात. तेथून तो .४४ कडे वळला. पुढें १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन ह्यांनीं ‘.४४ मॅग्नम’ आणलें, त्यामागें कीथचा वर्षानुवर्षांचा आग्रह होता.

ह्या नव्या काडतुसाच्या रचनेंत एक गोष्ट आहे ती पाठशोधकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. मॅग्नमचें कवच स्पेशलपेक्षां सुमारें अष्टमांश इंचानें लांब केलेलें आहे. दारूस जागा हवी म्हणून तेवढें नव्हे. मॅग्नमच्या दाबाची मर्यादा ३६,००० पौंडांची. तें काडतूस जुन्या स्पेशलच्या चक्रांत शिरूंच नये म्हणून. वाचणारा कितीही निष्काळजी असो, वस्तूच त्यास अडविते. १९३५ मध्यें .३५७ मॅग्नम निघालें तेव्हांही हीच युक्ति योजिली होती, आणि .४५४ कॅसल हें ६५,००० पौंडांचें काडतूसही .४५ कोल्टहून असेंच लांब ठेविलें आहे.

जेथें ही अडवणूक नाहीं तेथें काय होतें तें .४५ कोल्टच्या बाबतींत पहावें. ह्या काडतुसाची मर्यादा १४,००० पौंडांची, कारण तें १८७३ च्या रिव्हॉल्व्हरासाठीं झालेलें आहे. परंतु रूगर कंपनीचें ब्लॅकहॉक हें पुष्कळ बळकट रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसास घेतें. म्हणून बार भरण्याच्या पुस्तकांत .४५ कोल्टचीं मापें दोन प्रकरणांत छापतात, व दुसऱ्याच्या माथ्यावर ‘केवळ रूगर व तत्सम बळकट रिव्हॉल्व्हरांसाठीं’ असा मथळा असतो. पाणिनीय शिकलेल्या वाचकांस हें निराळें समजावयास नको. तें अधिकारसूत्र आहे. तें एकदांच उच्चारलें जातें आणि पुढील प्रत्येक सूत्रांत त्याची अनुवृत्ति होते. प्रकरणांतून एकच ओळ उचलून वहींत लिहिली कीं अनुवृत्ति तुटली. मग ती ओळ शंभर वर्षांपूर्वींच्या कोल्टलाही लागू पडते असें दिसूं लागतें, आणि काडतूस कोल्टच्या चक्रांत बिनबोभाट शिरतें. आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणाची जात हीच. सूत्र उरलें, अधिकार गेला.

येथें कोणी म्हणेल कीं, शंका आली तर माप कमी करावें म्हणजे झालें. बहुधा तें खरें आहे, पण नेहमीं नाहीं. एच ११० ह्या नांवाची एक दारू आहे. विंचेस्टरची २९६ म्हणून विकली जाणारी दारू तीच. ती कवचांत भरपूर असावी लागते. पुस्तकांत दिलेल्या मापाहून शेंकडा तीनपेक्षां अधिक कमी करूं नये असें तिचे विक्रेतेच बजावतात. कमी केल्यास ती नीट पेटत नाहीं, गोळी नळींत अर्ध्या वाटेवर अडकून राहते, आणि मागून दुसरा बार उडविला कीं नळी फुगते किंवा फुटते. ‘सोपा पाठ सुरक्षित’ ही पाठनिर्णयांतली भोळी समजूत जशी फसते, तशीच ‘कमी माप सुरक्षित’ हीही येथें फसते. उलट २४०० ची गोष्ट अशी कीं, मॅग्नमच्या कवचांत ती बरीच जागा व्यापते. चुकून दोनदां ओतली तर वर सांडते व चूक कळते. शीघ्र पेटणाऱ्या दारूचें माप थोडें असतें, दोनदां ओतलेलेंही आंत लपून राहतें. कीथचा जाड, जागा व्यापणाऱ्या दारूकडे ओढा होता, त्याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें.

आपल्याकडील शुक्रनीतींतही अग्निचूर्णाचें माप आलें आहे. सोरा पांच पलें, गंधक एक, कोळसा एक. आणि नालिकेसाठीं सोऱ्याचे सहा किंवा चार भाग. ह्या प्रकरणावरून गुस्ताव ओपर्टनें १८८० मध्यें प्राचीन भारतांत बंदुका होत्या असा सिद्धांत मांडला. लल्लनजी गोपाल ह्यांनीं १९६२ मध्यें तो ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला ठरविला. आम्ही उत्तरपक्षाचे आहों. कै. प. कृ. गोडे ह्यांचा आतषबाजीच्या इतिहासावरील १९५३ चा निबंध वाचलेल्यांस दारूच्या संस्कृत कृति कोणत्या काळांत शोधाव्या हें सांगावयास नको. परंतु काळ कोणताही असो, त्या प्रकरणकारानें कोळसा रुई, निवडुंग इत्यादींचा घ्यावा व धूर बाहेर जाऊं न देतां जाळावा, असें मापाबरोबरच सांगितलें आहे. म्हणजे द्रव्याची जात मापाच्या आधीं. एवढ्यापुरता तो पेन्सिलीच्या टिपणवाल्याहून सावध होता. मात्र सहा भाग केव्हां व चार केव्हां, हें त्यानेंही सांगितलें नाहीं.

आतां कीथच्या पुस्तकाचे दोष. उपनांवांत तें स्वतःस प्रमाणग्रंथ म्हणवितें. तेवढें तें नाहीं. कीथपाशीं दाब मोजण्याचें साधन नव्हतें. कवच चक्रांतून सहज निघतें कीं चिकटतें, टोपी चपटी होते कीं नाहीं, ह्यांवरून तो दाबाचा तर्क करी. रिव्हॉल्व्हराच्या दाबांत हीं लिंगें व्यभिचारी आहेत. टोपी गोल दिसूनही मर्यादा ओलांडलेली असूं शकते. मांडणी सैल आहे. माप एका ठिकाणीं, त्याची अट दुसऱ्या गोष्टीच्या ओघांत. म्हणून नकलकारांची अर्धी चूक ग्रंथकाराच्या माथीं जाते. आणि लांब पल्ल्याच्या गोष्टी! साथीदाराच्या गोळीनें जखमी झालेलें हरीण सुमारें सहाशें यार्डांवर .४४ मॅग्नमनें पाडल्याची त्याची कथा त्याच्या देशांत आजही वादाचा विषय आहे. आम्हीं ती खोटी म्हणत नाहीं. जखमी जनावर निसटूं नये म्हणून झाडलेल्या गोळ्या होत्या, असें तो स्वतः सांगतो. पण ती वाचून नवशिका सहाशें यार्डांवरच्या धडधाकट जनावरावर नेम धरतो, ह्याचा विचार ग्रंथकारानें करावयास हवा होता.

खरेदीविषयींचा त्याचा उपदेश मात्र आम्हांस फार आवडला, कारण तो पोथ्या विकत घेणाराच्या कामाचा आहे. विकणाराची हकीकत ऐकावी, पण विश्वास वस्तूवर ठेवावा. स्क्रूंचे माथे झिजलेले असतील तर कोणी अनधिकारी हातानें यंत्र उघडलें आहे. कोरलेलीं अक्षरें काठाशीं गुळगुळीत दिसत असतील तर मागाहून घासून नवा निळा रंग चढविला आहे. आपल्याकडे पुष्पिका खरवडून नवा शक घालतात तसेंच. घोडा चढवून चक्र हालवून पहावें. खेळतें असेल तर घर नळीसमोर नीट येत नाहीं. चक्र व नळी ह्यांमधली फट इंचाच्या कांहीं सहस्रांशांचीच असावी. नळींतून उजेडाकडे पाहतां एखादें काळसर कडें दिसलें तर तेथें केव्हांतरी गोळी अडकून नळी फुगलेली आहे. असें रिव्हॉल्व्हर कितीही स्वस्त मिळो, घेऊं नये. चक्राच्या घराचें पुढचें तोंड नळीहून अरुंद असल्यास गोळी आवळली जाऊन पुढें नळींत सैल पडते व शिसें चिकटतें. हें माप घेतल्याशिवाय कळत नाहीं. आणि जुन्या कोल्टचा अनुक्रमांक वाचावा. धूरविरहित दारूसाठीं कंपनीनें हमी दिली ती १९०० मध्यें, सुमारें १,९२,००० ह्या अंकापासून. त्याच्या अलीकडच्या अंकांत काळ्या दारूवांचून कांहीं घालूं नये.

हें सर्व आम्हीं विद्यार्थ्यास लिहिलें, आणि शेवटीं एक कसोटी सुचविली. विकणारानें दिलेल्या कवचांपैकीं वेगवेगळ्या शिक्क्यांचीं तीन घेऊन उभीं चिरावीं. त्यानें कानसेनें चिरून छायाचित्र पाठविलें. दोन ठोस बुडाचीं निघालीं, एक पोकळ बुडाचें. एकाच पेटींत, एकाच टिपणाखालीं दोन शाखा मिसळलेल्या होत्या. त्याच टिपणानें सर्व भरलीं असतीं तर पहिला बार निर्वेध गेला असता, व त्यावरून धीर येऊन पुढचा उडविला असता.

पोकळ बुडाचीं सर्व कवचें त्यानें शिक्क्यांवरून निवडून वेगळीं काढलीं, ठोकून चपटीं केलीं व भंगारांत दिलीं. उरलेल्यांत तो आतां दारूच्या कारखान्यानें छापलेलें स्पेशलचें माप, आरंभाच्या आंकड्यापासून, घालतो. रिव्हॉल्व्हर एका कारागिराकडून मोजून घेतलें. फट ठीक होती, नळीही. पेन्सिलीचें मूळ टिपण त्यानें आमच्याकडे पाठवून दिलें. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानें स्वतः शाईनें लिहिलें आहे: जुनें पोकळ बूड, शिसें सोळास कथील एक, टोपी साधी, दारू जुन्या हर्क्युलिसची. आमच्या संग्रहांतील मोडी चिटोऱ्यांच्या पुडक्यांत तें ठेवलें आहे.